चलान आलंय? आधी फोटो उघडा, पैशाचं नंतर बघू

गेल्या अंकात वाहतुकीच्या दंडाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ओघच सुरू झाला. कोरेगाव, कराड, मिरज, जत, सगळीकडून. बहुतेकांची घालमेल एकच: मोबाइलवर चलान आलंय, आता काय करू? साताऱ्यात वकिली करताना मला दोन टोकांची माणसं भेटतात. काही जण घाबरून, काहीही न वाचता पैसे भरून मोकळे होतात. काही जण मेसेज पुसून टाकतात आणि विसरतात. नुकसान दोघांचंही होतं, आणि खरंच वाईट वाटतं, कारण पाच मिनिटं कागद नीट वाचला असता तर ते टळलं असतं. म्हणून या वेळी चारच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: मॅडम, माझ्याकडे एमएच ११ पासिंगची स्प्लेंडर आहे. पहाटे दूध घालतो आणि नंतर शेतात असतो. माझ्या नावावर पुण्याकडच्या हद्दीतलं चलान आलं आहे आणि गुन्हा लिहिलाय सीटबेल्ट न लावल्याचा! मी त्या दिवशी गावातच होतो. मुलगा म्हणतो, भरून टाका, कशाला कटकट. भरू का? — एक वाचक, कोरेगाव तालुका

उत्तर: दादा, अजिबात भरू नका. पैसे भरले की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं आणि ती नोंद तुमच्या गाडीच्या नावावर राहते. मुलगा तुमची कटकट वाचवायला बघतोय हे समजतं, पण चलान आलं म्हणून गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही. पोलिसांनी तुमच्यावर आरोप ठेवलाय, एवढाच त्याचा अर्थ.

मुलालाच घेऊन बसा. महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन ही राज्याच्या वाहतूक पोलिसांची साइट आहे. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. त्यासोबतचा फोटो उघडून मोठा करा. सीटबेल्टचं चलान आहे म्हणजे फोटोत चारचाकी असणार. आता तिची नंबरप्लेट आकड्या-आकड्याने आरसीशी ताडून बघा. कॅमेरा नंबर आपोआप वाचतो. चिखल उडालेला असला किंवा स्क्रू भलत्याच जागी मारलेला असला की ३ चा ८ होतो, बी चा डी होतो, आणि बिल येतं भलत्याच माणसाच्या दारात.

नंबर वाचताना चूक झालेली दिसली तर त्याच साइटवर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. आरसीची प्रत आणि तुमच्या गाडीचे पुढून-मागून प्लेट दिसेल असे फोटो जोडा. तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा आणि चलानाचा फोटोही जपून ठेवा.

पण फोटोतल्या गाडीवर खरोखर तुमचाच नंबर दिसला, तर मात्र हे प्रकरण दंडापुरतं राहत नाही. कुणीतरी तुमचा नंबर चिकटवून गाडी फिरवतोय. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस तुमच्याच अंगणात येतील. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

तक्रार फेटाळली गेली तरी पर्याय उरतो. महाराष्ट्रातल्या वाहतूक चलानांसाठी ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणारं, न्यायालय सुरू झालं. प्रकरण तिकडे गेलं तर व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन वर दोन वाटा दिसतात: दंड भरणे किंवा खटला लढवणे. लढवायचं म्हटलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं आणि तिथे पुरावा पोलिसांनीच सादर करावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची असते आणि चलान निकाली निघेपर्यंत ती इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची असते. तुमच्या चलानावरची गुन्ह्याची तारीख आणि मेसेज आल्याची तारीख, दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली. उघडून बघू का? — एक वाचक, जत

उत्तर: नको. ती एपीके फाइल असते. फोनमध्ये बसली की तुमचे ओटीपी चोराच्या हातात जातात. चलानाची माहिती कोणतंही सरकारी खातं अशी अ‍ॅपची फाइल पाठवून देत नाही. शंका असेल तर वर दिलेल्या साइटवर स्वतः नंबर टाकून बघा. फाइल आधीच उघडली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. हे सगळं लगेच. सकाळपर्यंत थांबू नका.

प्रश्न: ताई, माझा मुलगा अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅन होजेला नोकरी करतो. हायवेवर जास्त वेगासाठी पोलिसाने त्याला थांबवलं, पिवळी पावती दिली आणि वर सही घेतली. त्याने साइटवर शोधलं तर काहीच दिसत नाही. तो म्हणतो, म्हणजे रद्द झालं असेल. मला झोप नाही. सही केली म्हणजे कबुली दिली का? तुरुंग तर होणार नाही ना? व्हिसाचं काय? — एक निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर: बाई, पहिल्यांदा तुमच्या जिवाला स्वस्थता मिळू दे. कॅलिफोर्नियात नुसती वेगमर्यादा ओलांडणं हे ‘इन्फ्रॅक्शन’ या सगळ्यात हलक्या वर्गात येतं आणि त्या वर्गाला तुरुंगाची शिक्षाच नाही. सहीचीही काळजी करू नका. त्या सहीने माणूस ‘ठरल्या तारखेपर्यंत कोर्टाला उत्तर देईन’ एवढंच वचन देतो. गुन्हा कबूल करत नाही.

पण ‘दिसत नाही म्हणजे रद्द झालं’ हे मात्र त्याच्या डोक्यातून आजच काढा. पोलिसाची पावती कोर्टाच्या संगणकात चढायला तिकडे काही आठवडे लागू शकतात. नोंद चढली नाही तरी पावतीवरची तारीख तशीच चालू राहते.

कुठे शोधायचं याचं उत्तर त्याच्या हातातल्या पावतीवरच आहे. आपल्याकडे राज्याची एक साइट आहे, तशी अख्ख्या अमेरिकेची एक साइट नाही. तिथे वाहतुकीची प्रकरणं राज्याच्या कायद्याने आणि स्थानिक कोर्टात चालतात. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत, आणि प्रत्येकीचं स्वतःचं सुपीरियर कोर्ट. सॅन होजे सांता क्लारा काउंटीत येतं. पण मुलगा राहतो कुठे याला महत्त्व नाही, गाडी कुठे थांबवली याला आहे. शेजारच्या अलामेडा काउंटीत थांबवलं असेल तर सांता क्लाराच्या साइटवर जन्मभर शोधूनही काही सापडणार नाही. पावतीच्या खालच्या भागात कोर्टाचं नाव, पत्ता आणि तारीख छापलेली असते. त्याच कोर्टाच्या साइटवर ट्रॅफिक विभागात जाऊन पावतीचा नंबर टाकायचा. नंबरने मिळालं नाही तर लायसन्स नंबर आणि जन्मतारखेने बघायचं. तरीही नाही मिळालं तर कोर्टाच्या क्लार्कच्या कार्यालयाला फोन करून ‘नोंद झाली का’ असं विचारायचं आणि तारीख जवळ आली असेल तर मुदत मागून घ्यायची. तिकडचं रेकॉर्ड क्लार्कच ठेवतो. गूगलवर वर-वर दिसणाऱ्या, पैसे घेऊन रेकॉर्ड काढून देणाऱ्या खासगी साइटच्या नादी लागू नका म्हणावं.

कोर्ट घरच्या पत्त्यावर एक नोटीस पाठवतं, त्यात रक्कम असते. त्याने मध्ये घर बदललं असेल तर ती जुन्या पत्त्यावर जाईल, आणि ‘मिळाली नाही’ हे कारण चालत नाही. रक्कम बघून दचकू नका. मर्यादेपेक्षा ताशी १५ मैलांपर्यंत जास्त वेगाला मूळ दंड ३५ डॉलरच आहे, पण त्यावर राज्याचे आणि काउंटीचे आकार चढून तो २०० डॉलरच्या वर जातो.

त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. नुसते पैसे भरले तर गुन्हा शाबीत धरला जातो, लायसन्सवर एक पॉइंट, म्हणजे चुकीची नोंद, चढतो आणि विम्याचा हप्ता वाढू शकतो. माझ्या मते त्याच्यासारख्याने ट्रॅफिक स्कूलचा, म्हणजे वाहतूक नियमांच्या छोट्या वर्गाचा, विचार आधी करावा. दंड आणि स्कूलची फी दोन्ही भरावी लागते, पण तो पॉइंट विमा कंपनीला दिसत नाही. गेल्या १८ महिन्यांत याआधी स्कूल घेतलेलं नसावं लागतं. तिसरी वाट लढण्याची. वेग चुकीचा मोजला असं त्याला मनापासून वाटत असेल तर कॅलिफोर्नियात एक फार चांगली सोय आहे: कोर्टात न जाता लेखी जबाबावर सुनावणी. टीआर-२०५ नावाचा फॉर्म भरायचा, दंडाइतकी रक्कम आधी जमा करायची, आपलं म्हणणं आणि फोटो जोडायचे. पोलीसही लेखी उत्तर देतो. न्यायाधीशांनी विरुद्ध निकाल दिला तरी २० दिवसांच्या आत पुन्हा नव्याने, प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. अशी सोय आपल्या तालुका कोर्टात असती तर तारखेला कोर्टात येणाऱ्या माणसाचा दिवसाचा रोजगार बुडाला नसता, असं मला नेहमी वाटतं.

उत्तरच न देणं हा मात्र तिकडे वेगळा गुन्हा होतो, आणि तो मूळ वेगाच्या गुन्ह्यापेक्षा जड आहे. त्यावर जादा आकारही बसतो. व्हिसाच्या दृष्टीनेही मिटवलेल्या साध्या पावतीपेक्षा न मिटवलेली पावती जास्त त्रास देते. दंड भरल्याची पावती आणि प्रकरण बंद झाल्याचा कोर्टाचा कागद त्याने कायम जपावा. पुढे कुठल्याही अर्जात विचारलं तर खरं सांगावं आणि अर्ज भरण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला दाखवावं. दारू पिऊन गाडी चालवण्याची गोष्ट पूर्ण वेगळी, वरचं काहीही तिला लागू नाही. आणि तुमच्या शेजारणीची मुलगी फ्लोरिडात असेल तर तिला हे उत्तर जसंच्या तसं देऊ नका. तिथे काय करायचं ते ३० दिवसांत ठरवून कळवावं लागतं, फॉर्म आणि नियम सगळे निराळे.

प्रश्न: मी माझी एमएच १० ची अ‍ॅक्टिव्हा दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्याला विकली. त्याने नावावर करून घेतली नाही. आता तिच्या जुन्या चलानांसाठी मला लोकअदालतीची नोटीस आली आहे. नाही गेले तर अटक होईल का? कोर्टात केस आहे की नाही हे कसं कळेल? — एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, अटकेची भीती मनातून काढा. लोकअदालत तडजोडीसाठी असते आणि तडजोड दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने होते. पण एक ध्यानात ठेवा: तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून ‘चला, मिटवून टाकू’ म्हणत सही करण्याआधी कोणती चलानं कोणत्या तारखेची आहेत ते बघा. विक्रीच्या आधीची असतील तर ती तुमचीच, ती मिटवा.

केस शोधण्यासाठी ईकोर्ट्सची साइट आहे. राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडायचं. इथेही गुन्हा जिथे घडला तिथलं कोर्ट. गाडी शिरवळला पकडली असेल तर सांगलीत शोधून उपयोग नाही, खंडाळ्याच्या कोर्टात बघावं लागेल. नोटिशीवर एमएच ने सुरू होणारा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, असेल तर तो टाकला की पुढची तारीख थेट दिसते. नसेल तर नावाने शोधा, पण आरसीवर इंग्रजीत जसं स्पेलिंग आहे तसं. आपल्या आडनावांची चार-चार स्पेलिंगं होतात आणि एका अक्षरासाठी केस सापडत नाही. चालू आणि निकाली, दोन्ही यादीत बघा. असे खटले बहुधा एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस, म्हणजे झटपट चालणारे फौजदारी खटले) या प्रकारात असतात.

फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते, हा मुदतीचा मुद्दा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. जुन्या चलानांना तो लागू पडू शकतो. पण चलान त्याने आपोआप पुसलं जात नाही, मुद्दा कोर्टापुढे मांडावा लागतो. वकिलाची फी परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

खरं काम मात्र आरटीओचं आहे, आणि ते तुम्ही या आठवड्यात करावं अशी माझी कळकळीची विनंती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. अपघाताच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं. म्हणजे उद्या त्या अ‍ॅक्टिव्हाने कुणी जखमी झालं तर भरपाईचा दावा तुमच्यावर येईल, चलान तर किरकोळ. ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या. तो टाळाटाळ करत असेल तर विक्रीची चिठ्ठी, पैसे मिळाल्याचा बँकेचा उतारा आणि त्याचा पत्ता जोडून आरटीओला रजिस्टर पोस्टाने कळवा, आणि तीच प्रत त्यालाही पाठवा.