परदेशातले पाव्हणे आणि व्हिसा: उदगीरच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, आधी लेकाच्या लग्नाच्या शुभेच्छा. तुमचा प्रश्न नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबरात उदगीरला लग्न आहे. अमेरिकेतून भाऊ-वहिनी आणि त्यांचं वर्षाचं लेकरू, टोकियोहून लेकाचे मित्र-मैत्रीण, एक जर्मन सहकारी, जुना नेपाळी रूममेट, लंडनचा एक मित्र आणि दुबईहून यजमानांच्या दोस्ताचं कुटुंब येणार आहे. यातल्या कोणाला भारताचा व्हिसा लागतो, कोणाला लागत नाही, कोणाला विमानतळावरच मिळतो, असं तुम्ही विचारलंय. मी वेरूळ-अजिंठ्याला परदेशी मंडळी फिरवतो. त्यामुळं हे कागद रोज डोळ्यांखालून जातात.

तुमच्या यादीत एक मोठी गोम आहे. तुम्ही 'अमेरिकेचे', 'दुबईचे' असं लिहिलंय. माणूस राहतो कुठं, जन्मला कुठं, आडनाव काय, यावर व्हिसा ठरत नाही. त्याच्या हातात कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे त्यावर ठरतो. म्हणून प्रत्येकाकडून पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत मागवून घ्या. पुढं ती तुम्हाला आणखी एका कामाला लागणार आहे, ते खाली सांगतो.

भावाच्या घरापासूनच बघा. भावानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना आपलं सरकार देतं ते) काढलंय असं तुम्ही म्हणता. मग त्याला व्हिसा लागत नाही. ते कार्ड म्हणजे जन्मभराचा, कितीही वेळा ये-जा करायचा परवाना. किती दिवस राहिला तरी परदेशी म्हणून नोंदणी करायची गरज नाही. फक्त कार्ड आणि अमेरिकेचा पासपोर्ट दोन्ही बरोबर हवेत. कार्ड घरी विसरून नुसत्या पासपोर्टवर निघालेल्या माणसाला विमान कंपनी तिथंच अडवते. वहिनी अजून भारतीय पासपोर्टवर आहेत, तर त्यांना आपल्याच देशात यायला कसला व्हिसा? मात्र अमेरिकेत परत जायचा त्यांच्या व्हिसाचा शिक्का चालू आहे का ते निघायच्या आधी बघायला सांगा. तो संपला असेल तर लग्न उरकून मुंबई नाहीतर हैदराबादच्या अमेरिकन वकिलातीत तारीख मिळवत बसावं लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या तारखा सहजी मिळत नाहीत.

राहिलं लेकरू, आणि खरी गफलत इथंच होते. "एवढंसं पोरगं, आई-बापाबरोबर येतंय, त्याला काय व्हिसा?" असं भल्याभल्या शिकलेल्यांना वाटतं. अमेरिकेत जन्मलं म्हणून त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणून कागदावर ते परदेशी नागरिक. त्याला स्वतःचा व्हिसा नाहीतर स्वतःचं ओसीआय कार्ड हवंच. बापाचं कार्ड लेकराला चालत नाही. आई भारतीय नागरिक असल्यामुळं ओसीआय त्याला मिळू शकतं, पण त्या कामाला वेळ लागतो, दोघांच्या सह्या आणि जन्माचा दाखला लागतो. लग्नाला थोडेच महिने असतील तर मी म्हणेन आत्ता ई-व्हिसा काढा, कार्डाचं नंतर निवांत बघा. तान्ह्या लेकराचा फोटोही पांढऱ्या पार्श्वभूमीवर, डोळे उघडे असलेला लागतो. तो काढणं हीच मोठी कसरत असते.

आता ई-व्हिसा. आपल्या सरकारनं तो 2014 च्या नोव्हेंबरात सुरू केला, तेव्हा देश थोडे होते. आता शंभरावर देशांच्या लोकांना तो घरबसल्या मिळतो. तुमचा जर्मन पाव्हणा याच रस्त्यानं येणार. पर्यटनाच्या ई-व्हिसाचे तीन प्रकार आहेत: 30 दिवसांचा, वर्षाचा आणि पाच वर्षांचा. लग्नाला येणं, मित्र-नातेवाइकांना भेटणं हे पर्यटनाच्याच व्हिसात बसतं, वेगळं काही लागत नाही. बहुतेक देशांना 30 दिवसांच्या व्हिसाला जुलै ते मार्च 25 डॉलर आणि एप्रिल ते जून 10 डॉलर पडतात. वर्षाचा 40 आणि पाच वर्षांचा 80 डॉलर, वर बँकेचा आकार. उन्हाळ्यात स्वस्त का, हे मे महिन्यात वेरूळच्या लेण्यांपुढं उभं राहिलं की कळतं. अर्ज नाकारला गेला तरी पैसे परत मिळत नाहीत.

30 दिवसांच्या व्हिसाची एक तारीख फार जणांना घोळात घालते. मंजुरीच्या कागदावर मुदत संपायची तारीख असते. ती परत जायची तारीख नव्हे. त्या तारखेच्या आत भारतात पाय ठेवायचा, आणि 30 दिवस मोजायचे ते पाय ठेवल्यापासून. हा व्हिसा यायच्या तारखेच्या 30 दिवसांहून आधी मागता येत नाही आणि शेवटचे चार दिवस राहिले की मागता येत नाही. म्हणून तीन आठवडे आधी अर्ज करायला सांगा. या व्हिसावर दोनदा आत येता येतं, म्हणजे मधे श्रीलंकेला जाऊन परत आला तरी चालतं. पण तो वाढवून मिळत नाही. तुमचा जर्मन पुढं महिना-दीड महिना हंपी, राजस्थान फिरणार असेल तर सरळ वर्षाचा काढू दे.

अर्ज फक्त सरकारी ठिकाणी करायचा: इंडियन व्हिसा ऑनलाइन, आणि पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असलंच पाहिजे. शोधायला गेलं की वरच्या चार-पाच जागा हुबेहूब दिसणाऱ्या खासगी दुकानांच्या असतात. अशोकस्तंभ, तिरंगा, सगळं लावलेलं. ते दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि फॉर्म सरकारी जागीच भरतात, तोही कधी चुकीचा. माझ्याकडं आलेल्या एका पाव्हणीच्या अर्जात असल्याच कोणीतरी पासपोर्ट क्रमांकातलं शून्य आणि ओ अक्षर यांची अदलाबदल केली होती. तिला विमानात चढू दिलं नाही, नवा अर्ज करून दोन दिवस उशिरा आली. नाव, क्रमांक, जन्मतारीख पासपोर्टवर आहे तशीच्या तशी. मधलं नाव असेल तर तेही. पासपोर्ट यायच्या तारखेपासून किमान सहा महिने चालू असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.

फॉर्ममध्ये भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता, फोन विचारतात. तिथं यजमानांचं नाव द्या आणि पत्ता सगळ्यांना एकच, एकाच स्पेलिंगमध्ये पाठवा. एकानं लातूर आणि दुसऱ्यानं उदगीर लिहिलं म्हणून व्हिसा अडत नाही, पण विमानतळावर उगीच चार प्रश्न जास्तीचे.

टोकियोच्या जोडीला मात्र सवलत आहे. जपान, दक्षिण कोरिया आणि संयुक्त अरब अमिराती या देशांच्या नागरिकांना भारतात उतरल्यावर व्हिसा मिळतो, 60 दिवसांपर्यंतचा. अमिरातीच्या माणसानं त्याआधी कधीतरी भारताचा व्हिसा घेतलेला असावा लागतो. पण ही सोय ठरावीक विमानतळांवरच आहे. मुंबई आणि हैदराबाद त्यात आहेत, पुणे नाही. माझं मत विचाराल तर जपान्यांनीही ई-व्हिसाच काढून यावं. रात्रभराच्या प्रवासानंतर लेकराबाळांच्या गर्दीत आणखी एका खिडकीपुढं उभं राहण्यापेक्षा घरी बसून काढलेला कागद बरा. ई-व्हिसाही कुठल्याही विमानतळावर चालत नाही, पण मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद ही आपल्या कामाची चारही चालतात. उदगीरला यायचं तर मी हैदराबादच सुचवीन. तिथून जहीराबाद-बिदरवरून गाडीनं थेट तुमच्या दारात. मुंबईत उतरणाऱ्यांना लातूरवरून बिदरला जाणारी रेल्वे उदगीरला सोडते, पण तिकीट आधीच काढून ठेवा.

नेपाळी मित्राला व्हिसा लागत नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना ही मोकळीक आहे, मालदीवच्या लोकांना पर्यटनासाठी 90 दिवसांपर्यंत. सूट मिळणारे देश एवढे थोडेच आहेत, आणि थायलंड-मलेशियानं भारतीयांना दिली म्हणून आपण उलट तशीच दिली असेल असं धरू नका. नेपाळी माणूस काठमांडूहून येत असेल तर पासपोर्ट नाहीतर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पुरतं. तो कतार-दुबईहून येणार असेल तर पासपोर्टच हवा. चीन किंवा पाकिस्तानातून येणाऱ्या नेपाळी नागरिकाला मात्र व्हिसा लागतो. तुमचा मित्र कुठून येतोय ते तुम्ही लिहिलं नाही.

लंडनच्या मित्राबद्दल एक नाजूक गोष्ट. त्याला आडून विचारण्यापेक्षा सरळ विचारा की आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का. ब्रिटिश पासपोर्टवाल्याला एरवी ई-व्हिसा मिळतो, पण पाकिस्तानी मूळ असेल तर मिळत नाही. विमानतळावरचा व्हिसाही नाही. त्यानं तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयात नेहमीचा कागदी अर्ज करायचा, आणि त्याला बराच वेळ लागतो. फॉर्ममध्ये हा प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे, तो लपवला तर पुढचा प्रत्येक अर्ज अडकतो. तसं असेल तर आज कळवा, पत्रिका छापायची वाट बघू नका.

याशिवाय, ऑक्टोबर 2025 पासून परदेशी प्रवाशांना विमानतळावरच्या कागदी कार्डाऐवजी ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, यायच्या आधीच्या 72 तासांत. ते फुकट आहे आणि तो व्हिसा नव्हे. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून कोणी येणार असेल तर त्या लशीचा दाखला लागतो, आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. सॅटेलाइट फोन कोणी आणू नये, आपल्याकडं परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. डोंगर चढणाऱ्या गोऱ्या मंडळींच्या सॅकमध्ये तशी यंत्रं सहज असतात आणि त्यांना हे माहीतही नसतं.

आता त्या पासपोर्टच्या प्रतींचं दुसरं काम, आणि ते पाव्हण्यांचं नाही, तुमचं आहे. परदेशी माणूस ज्याच्याकडं उतरतो त्यानं 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. हॉटेल, लॉज, धर्मशाळा, मंगल कार्यालयाच्या खोल्या आणि अगदी आपलं राहतं घर, सगळ्यांना हा नियम आहे. 1946 चा जुना परदेशी नागरिक कायदा जाऊन सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला, तरी ही जबाबदारी गेलेली नाही. आपल्याकडं तालुक्याच्या गावातली बरीच लॉजं परदेशी पाव्हणा दिसला की "खोली नाही" म्हणतात, त्याचं कारण हेच: त्यांनी या फॉर्मसाठी नोंदणीच केलेली नसते. म्हणून मंगल कार्यालयाला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी विचारा, "तुमच्याकडं सी फॉर्मचा लॉगिन आहे का?" नसेल तर परदेशी मंडळी घरीच उतरवा आणि नोंदणी तुम्ही करा. एकदा खातं उघडलं की जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातून ते मंजूर होतं, म्हणजे तुमच्यासाठी लातूर. हे काम महिनाभर आधी. हळदीच्या दिवशी पोलीस ठाण्यात पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन कोण पळणार? भावाला ओसीआयमुळं स्वतःची नोंदणी करावी लागत नाही, पण म्हणून या फॉर्ममधून त्याला वगळू नका, तोही परदेशी पासपोर्टवालाच आहे.

कोणाचा पासपोर्ट हरवलाच तर क्रम असा: आधी पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग त्याच्या देशाच्या वकिलातीकडून तात्पुरता कागद, आणि मग ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची सरकारी वेबसाइट) देश सोडायची परवानगी. तिसरी पायरी लोक विसरतात आणि विमानतळावरून परत येतात.

लग्नानंतर मंडळींना वेरूळ-अजिंठा दाखवणार असाल तर वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. तिथंही पासपोर्टच बघतात. भारतीयाला तिकीट 40 रुपये, परदेश्याला 600. नेपाळी मित्राला मात्र आपल्याच दरात मिळतं, कारण सार्क देशांना ती सवलत आहे, आणि ओसीआय कार्ड दाखवलं तर भावालाही. कार्ड खोलीवर ठेवून आलेल्या अस्सल मराठी बोलणाऱ्या माणसाला 600 भरताना मी पाहिलंय.

दुबईवाल्यांचं मी अजून काही बोललो नाही, कारण तिथं राहणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय, पाकिस्तानी, ब्रिटिश काहीही असू शकतो. बहुधा भारतीयच असेल आणि मग काहीच करायचं नाही. त्यांचा पासपोर्ट कुठला आणि नेपाळी मित्र कुठून येतोय, एवढं दोन ओळींत इथंच लिहा. मग बाकीचं सांगतो.