आधी रॅमची दुसरी पट्टी टाक

गेमसाठी आरटीएक्स ४०९० या डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचे आकडे बघून आपल्या लॅपटॉपला नावं ठेवू नकोस. ते कार्ड एकटंच ४५० वॅटपर्यंत खातं. तुझा अख्खा लॅपटॉप ६५ वॅटच्या चार्जरवर चालतो. खरी गोम मेमरीत आहे. कार्डाकडे स्वतःची २४ जीबी, तीही सेकंदाला १००८ जीबी वेगाची. तुझं आयरिस एक्सई (इंटेलच्या प्रोसेसरमध्येच बसवलेलं ग्राफिक्स) मात्र प्रोसेसरच्याच रॅममध्ये वाटेकरी. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जेमतेम २५.६ जीबी, दोन असतील तर ५१.२. म्हणून आधी मागचं झाकण उघडून रिकामा स्लॉट आहे का बघ. (काहींत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग विषयच संपला.) दुसरी पट्टी टाकलीस की व्हॅलोरंटसारखा हलका गेम निवांत खेळशील. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशोब) लावून सायबरपंकसारखा जड गेम? नाव काढू नकोस.