रत्नागिरीतली संध्याकाळ

प्रश्न : डिसेंबरात नागपूरहून रत्नागिरीला जातोय. सूर्यास्त पाहायला किती वाजता पोहोचावं? अंधार कधी पडतो?

उत्तर : डिसेंबरच्या मध्यास रत्नागिरीत सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास मावळतो, नागपुरापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा. पश्चिमेला जाताना रेखांशाच्या दर अंशामागे सूर्यास्त चार मिनिटं उशिरा. दोन्ही गावांत जेमतेम सहा अंशांचं अंतर, म्हणजे तेवीस मिनिटं झाली. उरलेली मिनिटं रत्नागिरी दक्षिणेला असल्यामुळे, कारण हिवाळ्यात तिथला दिवस थोडा मोठा असतो.

साडेपाचलाच जागा धरा. क्षितिजावर धुरकट थर असला तर बिंब पाण्याला टेकण्याआधीच विरतं, आणि नेमक्या वेळेला पोहोचणारे हात हलवत परततात. बिंब टेकल्यापासून बुडायला अडीच मिनिटंही लागत नाहीत.

मांडवीच्या किनाऱ्यावर गर्दी फार. आम्ही थिबा पॉइंट सुचवू. भाट्ये खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. जवळच ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा आहे, तो मात्र दुपारीच पाहून घ्या.

मावळल्यावर लगेच उठू नका. पुढची वीस-बावीस मिनिटं दिव्याशिवाय वाट दिसते, रंगही तेव्हाच चढतात. पूर्ण काळोखाला सव्वा तास लागतो.