अपोप्टोसिसला मराठीत काय म्हणायचं? (आत्महत्या म्हणू नका)

प्रश्न असा आलाय की गुडघेदुखीच्या पेशंटसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय, त्यात 'अपोप्टोसिस'ला, म्हणजे शरीरातल्या पेशी आपणहून, शिस्तीत मरतात त्या प्रकाराला, 'पेशींची आत्महत्या' लिहिलं तर चालेल का, आणि 'गुडघ्याची झीज' बरोबर की 'ऱ्हास' म्हणावं.

आत्महत्या अजिबात लिहू नका. आरोग्य पुरवण्यांत हा शब्द वाचून वाचून मला वीट आलाय. साठीची बाई, जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी आडव्या पायाने उतरणारी, तिच्या हातात कागद द्यायचा आणि त्यावर तुमच्या गुडघ्यात आत्महत्या चालू आहेत असं छापायचं? बरं, ज्यांनी 'अपोप्टोसिस' हा शब्द रूढ केला त्यांच्या मनात असलं काही नव्हतं. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये लेख लिहिला, आधी या प्रकाराला ते 'आक्रसून होणारा नाश' अशा अर्थाचं नाव देत होते, मग ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी त्यांना 'अपोप्टोसिस' सुचवला. अर्थ काय, तर झाडाची पानं गळणं, फुलाच्या पाकळ्या गळणं. इतका सुंदर शब्द समोर असताना आपण पोलीस पंचनाम्यातला शब्द उचलायचा!

आता खरी गंमत. 'अपो' म्हणजे आपला 'अप', दूर, बाजूला. आणि 'प्टोसिस' म्हणजे पडणं, पण नुसता अर्थ पडणं नाही हो, शब्दच 'पडणं' आहे. संस्कृत पत्, पतति, प्राकृतात त्याचं पडइ झालं आणि मराठीत पडणे, आणि तिकडे त्याच मूळ धातूपासून ग्रीकांचं प्टोसिस. या धातूचा अर्थ उडणंही आणि पडणंही, म्हणून संस्कृतात 'पत्र' म्हणजे पंखही आणि पानही, त्यातूनच पत्रावळ. ग्रीकमध्ये पंखाला प्टेरॉन, तोच हेलिकॉप्टरच्या शेपटीला आहे. ग्रीक व्याकरणकार तर विभक्तीलाही प्टोसिस म्हणायचे, नाम आपल्या मूळ रूपावरून घसरलं की झाली विभक्ती! म्हणजे पानगळीसाठी शोधलेल्या शब्दात 'पत्र' आणि 'पडणं' दोघांचंही मूळ आधीपासूनच बसलेलं आहे, आणि हे त्या तिघांपेक्षा मराठी माणसाला जास्त सहज दिसायला हवं.

उच्चाराबद्दल मात्र माझं त्या लेखाशी भांडण आहे. त्यात सुचवलंय की दुसरा 'प' उच्चारू नका, 'अपोटोसिस' म्हणा, आणि आपल्याकडचे डॉक्टरही तेच म्हणतात, वर 'अपोप्टोसिस' म्हणणाऱ्याला सुधारतात. का म्हणून? इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीला 'प्ट' म्हणता येत नाही ही त्यांची अडचण. हेलिकॉप्टर म्हणताना कोणी 'प' गाळत नाही. सप्ताह, गुप्त, प्राप्त म्हणणाऱ्यांनी तर मुळीच गाळू नये.

दुसरे विद्वान 'नियोजित पेशीमृत्यू' सुचवतात. तो 'प्रोग्राम्ड सेल डेथ' या वेगळ्या इंग्रजी संज्ञेचा अनुवाद आहे आणि तिच्यात आता नेक्रॉप्टोसिस, पायरॉप्टोसिस, फेरॉप्टोसिस असले बरेच प्रकार येतात, सगळे काही पानगळ नव्हेत. दोन्ही एकच समजणं चूक आहे. माझं मत 'पेशीगळ'. पानगळ जसा, तसाच. 'पेशीपात'ही धातूच्या दृष्टीने जवळचा होता पण तो वाचताना गर्भपात आठवतो, तेव्हा तो नको.

तुमचा विषय गुडघा आहे म्हणून एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. पानं गळतात तेव्हा झाड उभं असतं आणि खालचा पाचोळा कोणीतरी गोळा करतं. शरीरातही तसंच, पेशी आक्रसते, तिचे वेष्टनात बांधलेले छोटे तुकडे होतात आणि शेजारच्या किंवा भक्षक पेशी ते खाऊन टाकतात, सूज नाही की काही नाही. पण कूर्चेत हे कोण करणार? मटणाच्या नळीच्या टोकाला जो निळसर पांढरा, बोट घसरेल इतका गुळगुळीत थर असतो ना, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही, आणि पेशी तर अशा विरळ की मोठ्या माणसाच्या कूर्चेत आकारमानाच्या दोनेक टक्के, बाकी सगळं त्यांनीच विणलेलं कोलॅजन आणि पाणी. प्रत्येक पेशी आपापल्या खळग्यात एकटी. ती मेली की पाचोळा तिथेच. म्हणून २००४ मध्ये काही संशोधकांनी कूर्चेपुरता 'कॉन्ड्रोप्टोसिस' असा शब्द पुढे केला, पेशी बरीचशी आतल्या आत स्वतःला पचवते अशी कल्पना. आणि बघा, त्यात 'अपो' गळालाय! पडणं आहे पण दूर जाणं नाही. त्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण शब्द नेमका बसलाय.

मेलेल्या पेशीच्या जागी नवी जवळजवळ येतच नाही, मग भोवतीच्या जाळ्याची देखभाल कोण करणार, ते विरत जातं. मात्र पेशी मेल्यामुळे झिजेचा आजार होतो की आजारामुळे पेशी मरतात यावर एकमत नाही हेही पत्रकात लिहा. मोजणीतच गोंधळ, कोणाला निम्म्याच्या आसपास पेशी मरताना दिसल्या तर कोणाला शंभरात एकही नाही, कारण डीएनएचे तुकडे रंगवायची जी पद्धत वापरतात ती दुसऱ्या तऱ्हेने मेलेल्या पेशीही रंगवते. आणि साधा हिशोब करा, एका वेळी निम्म्या पेशी खरंच मरत असत्या तर काही आठवड्यांत कूर्चा रिकामी झाली असती, हा आजार तर वर्षानुवर्षं चालतो. जोरदार मार बसला, लिगामेंट तुटलं, की पेशी मरतात हे मात्र पक्कं.

हां, 'झीज'. खुशाल वापरा. लोकांना वाटतं झीज म्हणजे घासून घासून कमी होणं, सहाणेवर चंदन किंवा गाडीचा टायर, म्हणून काही डॉक्टर या शब्दावर चिडतात, पेशंट घाबरून चालणंच सोडतो म्हणतात. त्यांची तक्रार खरी आहे, दोष शब्दाचा नाही. झिजणे आलाय क्षीयते वरून, प्राकृत झिज्जइ. पंचांगातली क्षयतिथी, कृष्णपक्षातला चंद्र, त्यातला हा क्षय. चंद्राला कोणी घासत नाही, तो कलेकलेने कमी होतो. 'ऱ्हास' पुस्तकी आहे, कोणी बोलत नाही. 'झीज' ठेवा आणि पुढे एक वाक्य घाला की ही चालल्याने घासून होणारी झीज नव्हे, आतली देखभाल कमी पडल्याने होणारी आहे, तेव्हा चालणं बंद करू नका.

आणि 'गुडघ्यातलं वंगण संपलं' असं कुठे लिहिलं असेल तर आजच खोडा. वंगण म्हणजे सांध्यातलं पाणी, ते वेगळं आणि कूर्चा वेगळी, आणि यातल्याच कितीतरी जणांचा गुडघा पाणी साठून टम्म फुगलेला असतो.