ऑक्सिजन न वापरणाऱ्या चक्राला ऑक्सिजन का लागतो?

प्रश्न : मुलीचा जीवशास्त्राचा अभ्यास घेताना सायट्रिक आम्लचक्राच्या (पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या रासायनिक क्रियांच्या फेरीच्या) सगळ्या पायऱ्या तपासल्या. ऑक्सिजन एकाही पायरीत नाही. तरी ऑक्सिजन नसेल तर हे चक्र थांबतं असं पुस्तकात दिलंय. हे कसं?

उत्तर : तुम्ही अगदी बरोबर पाहिलंत. मी वर्षानुवर्षं हा विषय शिकवते; बहुतेक मुलं आम्लांची नावं पाठ करतात आणि हा प्रश्न त्यांना पडतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चक्र एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवतं असं आपण सरसकट म्हणतो, पण एका फेरीत थेट हाती येतो तो एटीपी किंवा त्याच्यासारख्याच जीटीपीचा एकच रेणू. खरी कमाई हायड्रोजनची. अन्नातून आलेला दोन कार्बनचा ॲसिटिल गट चार कार्बनच्या ऑक्झॅलोॲसिटेटला जोडला की सायट्रेट तयार होतं. पुढे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात, ऑक्झॅलोॲसिटेट परत मिळतं आणि वाटेत चारदा हायड्रोजन काढला जातो. तीनदा तो एनएडी नावाचा वाहक रेणू उचलतो, एकदा एफएडी नावाचा. एनएडी म्हणजे हमालच समजा : ओझं तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पटलावर टाकायचं आणि मोकळ्या हाताने पुढच्या खेपेला यायचं. तिथून या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी बनतं. ऑक्सिजन नसेल तर ही साखळी तुंबते, एनएडी रिकामं होत नाही. पेशीत त्याचा साठा बेताचाच. मग चक्र अडतं.

चक्राचा शोधही ऑक्सिजन मोजूनच लागला. १९३७ साली जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूंचा खिमा ऑक्सिजन किती वेगाने खातो ते पाहत होते. त्यात सायट्रेट थोडंसंच घातलं तरी ऑक्सिजनचा खप वाढे, सायट्रेट स्वतः जळून जाईल त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे ते पुन्हा पुन्हा तयार होत होतं. मॅलोनेट घातलं की खप घसरे आणि चक्रातलंच एक आम्ल, सक्सिनेट, साचे, कारण सक्सिनेटसारखाच दिसणारा हा रेणू त्याच्या एन्झाइमची जागा अडवून बसतो. मॅलोनेट असताना चक्रात सक्सिनेटच्या पुढे येणारं ऑक्झॅलोॲसिटेट दिलं तरी सक्सिनेटच साचलं. म्हणजे पुढची वाट फिरून तिथेच येत होती. मला हा प्रयोग सगळ्या आकृत्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

मुलीला एवढं जरूर सांगा : श्वासातून घेतलेला ऑक्सिजन इथे पाणी होतो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो तो अन्नाच्या रेणूंतून आणि चक्रात शिरणाऱ्या पाण्यातून.