तारीख मोठी केली, तरी दिसेना

"सूचना आल्या की माझा हातच चालत नाही. सगळ्या मान्य केल्या तर काम बिघडतं, नाही केल्या तर मी हट्टी ठरते."

ग्राफिक डिझाइन करणारी एक तरुणी सांगत होती. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) या क्षेत्रातले पुष्कळजण हीच तक्रार घेऊन येतात आणि दोष स्वभावाला देतात: मी फार हळवी आहे. हळवेपणा असेलही; पण तिने सोबत आणलेलं पोस्टर पाहिल्यावर अडचण वेगळीच निघाली.

पोस्टर एका कार्यशाळेचं होतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट करड्या अक्षरांत तारीख. तिघांनी सांगितलं, 'तारीख मोठी करा.' तिने ती १४ पॉइंटवरून १८ आणि मग २२ केली, तरी 'दिसत नाही' हे पालुपद सुरूच. त्यात चौथा म्हणाला, 'खालचा भाग गिचमिड वाटतोय.' त्यानंतर दोन दिवस तिने फाइल उघडली नाही.

रंग मोजून बघा म्हटलं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, निघाला २.८५ : १. वेब-सुलभतेच्या (वेबसाइट सगळ्यांना नीट वाचता यावी यासाठीच्या) निकषांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १. छापील पोस्टरला हे बंधन नाही, पण अंदाज घ्यायला आकडे चांगले. अक्षर २२ पॉइंटचं करूनही ते या रेषेखालीच राहिलं होतं. तिने करडा रंग गडद केला, आकार १६ वर आणला. दोन्ही तक्रारी एकदमच मिटल्या.

बघणाऱ्याला कुठे खुपतंय ते बहुधा बरोबर कळतं. औषध मात्र तो हाताला येईल ते सांगतो, आणि आपण ते मुकाट्याने घेतो. म्हणून तिला वहीत तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात बोललेले शब्द जसेच्या तसे. दुसऱ्यात बघणाऱ्याचं काय अडलं ते. तिसऱ्यात उपाय, स्वतःचे, निदान दोन. 'मथळा मोठा करा' हे पहिल्यात गेलं की दुसऱ्यात येतं 'नजर आधी फोटोवर जाते'. मग तिसऱ्यात फोटो लहान करणं किंवा मथळ्याभोवती मोकळी जागा सोडणंही सुचतं.

दुसरा रकाना भरता येत नसेल तर उलट विचारायचं. 'लाल नको' असं कुणी म्हटलं तर 'लाल बघून काय वाटलं?' उत्तर 'मला आवडत नाही' एवढंच असेल तर ती आवड झाली, दोष नव्हे. (पैसे देणाऱ्याची आवड असेल तर लाल बदलावा लागतो, पण मग तो काळजाला लावून घेण्याचा विषय उरत नाही.)

ती विचारायचीही चुकीचं. 'कसं वाटतंय?' म्हटलं की लोक एकतर कौतुक करतात नाहीतर खोट शोधतात. त्याऐवजी काम ५ सेकंद दाखवायचं, झाकायचं, आणि काय लक्षात राहिलं ते विचारायचं. कच्च्या आराखड्यावर फक्त मांडणीबद्दल; रंग, फॉन्ट नंतर. आणि समोरचा बोलत असताना खुलासा करायचा नाही. भिंतीवरच्या पोस्टरशेजारी डिझायनर उभी नसते.

पुढच्या भेटीत तिच्या वहीत ११ नोंदी होत्या. त्यातल्या ४ एकाच जागेविषयी, मजकुराच्या दोन ओळींमध्ये वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकत होते त्या जागेविषयी. कुणालाच तसं नेमकं सांगता आलं नव्हतं. एकाने 'फॉन्ट बदला', दुसऱ्याने 'मजकूर कमी करा' म्हटलं होतं. तिने ओळींमधलं अंतर वाढवलं. एका नोंदीपुढचे दोन रकाने मात्र रिकामेच होते: 'काहीतरी राहिलंय.' ते कुठे बघून वाटलं, हे विचारायला ती परत जाणार होती.