शाळेचा विकास आराखडा कागदावरच का राहतो, मुख्याध्यापकाने काय करावं?

बहुतेक वेळा उद्दिष्टं फार असतात म्हणून. वर्षाला दोन, फार तर तीन घ्या. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अनोळखी उतारा वाचून ५ पैकी ४ प्रश्नांची उत्तरं देता यावीत’ हे उद्दिष्ट. आजची स्थिती आधी मोजा, नाहीतर वर्षअखेरीस फरक कशाशी ताडणार?

प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचं नाव (समितीचं नको), तारीख, खर्च आणि वेळापत्रकातला तास लिहा. हा तास लिहायचा राहतो आणि योजना तिथेच अडते: शिक्षकांवर नवं काम येतं, जुनं एकही कमी होत नाही. म्हणून नवं सुरू करताना एखादी नोंदवही किंवा बैठक सरळ बंद करा.

आढावा दर ६ आठवड्यांनी, अर्धा तास. फक्त वार्षिक आढावा म्हणजे शवविच्छेदन.

मुख्याध्यापकाने आठवड्यात ३-४ वर्गांत १०-१५ मिनिटं बसावं आणि त्याच दिवशी शिक्षकाशी एकाच मुद्द्यावर बोलावं. हातात शिक्षकाला गुण देण्याचा तक्ता नको. तो दिसला की शिक्षक बसवलेला पाठ दाखवतात, रोजचा वर्ग दिसतच नाही.